लाव्यांची (बटेर) अंडी उबवणं आणि पिल्लांची ऊब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जपानी लाव्यासाठी आहेत आणि घरगुती यंत्र गृहीत धरून लिहिली आहेत, म्हणजे २० ते २०० अंड्यांचं. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा आणि अंड्याजवळची परिस्थिती यांत फरक असतो. येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींचं मूळ तिथेच असतं, म्हणून घाईत असाल तर आधी प्रश्न ६ वाचा.

१. कोणते लावे उबवायचे? रानात सापडलेली अंडी चालतील का?

नाही. रानातल्या लाव्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. ते पकडणं किंवा त्यांची अंडी उचलणं गुन्हा आहे. पाळतात तो जपानी लावा. तो १९७४ मध्ये भारतात आणला गेला. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या कॅरी उत्तम, कॅरी उज्ज्वल अशा जाती काढल्या. मधल्या काळात, २०११ मध्ये, केंद्राने नव्या जपानी लावा फार्मचे परवाने थांबवले होते. ती बंदी २०१३ अखेर उठली. पाळीव जपानी मादी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून बसणंच विसरली आहे. ती अंडं घालते आणि पुढे निघून जाते, म्हणून यंत्र लागतं.

२. दुकानातल्या पाकिटातली अंडी उबवता येतील का?

क्वचित एखादं पिल्लू निघतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका. खायच्या अंड्यांच्या पिंजऱ्यात बऱ्याचदा नर ठेवतच नाहीत. शिवाय अंडी धुतलेली, फ्रीजमध्ये राहिलेली आणि किती दिवसांची याचा पत्ता नसलेली असतात. पैदाशीच्या कळपातून अंडी घ्या आणि घेताना दोन गोष्टी विचारा: दोन-तीन माद्यांमागे एक नर आहे का, आणि अंडी किती दिवसांची आहेत. नर-माद्या एकाच आई-बापाच्या पोटच्या असतील तर घेऊ नका. लाव्यांमध्ये नात्यातली पैदास फार लवकर अंगाशी येते: दोन-तीन पिढ्यांतच फलन आणि उगवण (अंड्यांतून पिल्लं निघण्याचं प्रमाण) दोन्ही घसरतात.

३. अंडी किती दिवस साठवता येतात? फ्रीजमध्ये ठेवू का?

सात दिवसांपर्यंत. त्यानंतर रोज उगवण घटत जाते. साठवणीला १३ ते १६ अंश सेल्सिअस योग्य, पण घरात अशी जागा नसते. फ्रीज ४-५ अंशांवर असतो, तो फार थंड. आपल्याकडे उन्हाळ्यात साधा उपाय म्हणजे माठाशेजारची किंवा घरातली सगळ्यात गार जागा, आणि मुदत सात ऐवजी तीन-चार दिवस. टोकदार बाजू खाली ठेवा. अंडी धुवू नका, कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. विष्ठा लागली असेल तर कोरड्या बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा, फार बरबटलेलं असेल तर ते अंडं बाजूला काढा. कुरिअरने आलेली अंडी टोक खाली करून १२ ते २४ तास शांत ठेवा आणि मगच यंत्रात घाला.

४. किती दिवसांनी पिल्लं निघतात? दिवस कसे मोजायचे?

१७ ते १८ दिवस. ठेवल्याचा दिवस शून्य धरा. शनिवारी संध्याकाळी सहाला अंडी ठेवली तर रविवारी संध्याकाळी सहाला पहिला दिवस पूर्ण होतो. दोन आठवड्यांनी शनिवारी १४ दिवस भरतात (त्या दिवशी फिरवणं बंद), आणि मंगळवारी संध्याकाळी १७. सोळाव्या दिवशीच पिल्लं निघाली तर तापमान जास्त होतं, एकोणिसावा उजाडला तर कमी. हा हिशेब वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला पाव अंशाचा फरक करायचा तो याच्या आधाराने.

५. तापमान नेमकं किती ठेवायचं?

आत पंखा असेल तर सगळीकडे ३७.५ ते ३७.७. पंखा नसेल तर हवेचे थर पडतात, वर गरम आणि खाली गार. अशा यंत्रात थर्मामीटरचं टोक अंड्याच्या वरच्या पातळीला ठेवून ३८.३ धरा. शेवटच्या तीन दिवसांत ३७.२ पुरे, कारण तोवर आतली पिल्लं स्वतःच ऊब टाकू लागतात. गारवा अंडी बऱ्यापैकी सोसतात, ताप सोसत नाहीत. दोन-चार तास ३०-३२ वर उतरलं तर उबवणी लांबते. तेवढाच वेळ चाळिशीच्या वर गेलं तर गर्भ दगावतात.

६. यंत्र ३७.५ दाखवतं. ते खरं आहे हे कसं ओळखायचं?

घरातला तापाचा थर्मामीटर काढा. ३७-३८ अंशांच्या भागात त्याच्याइतकं अचूक दुसरं काही घरात सहसा नसतं. त्याचं टोक अंड्यांच्या मधोमध टेकवा, झाकण लावा, दहा मिनिटांनी काढून वाचा. तो चढलेला उच्चांक धरून ठेवतो, त्यामुळे हीटर चालू-बंद होताना आतली हवा कुठवर चढते हेही कळतं. यंत्राच्या चार कोपऱ्यांत हे करा. कोपऱ्याकोपऱ्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याची दिशा बदला किंवा रोज अंड्यांच्या जागांची अदलाबदल करा.

आर्द्रतामापक तपासायला मीठ घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत १२ तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ६८ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ७ मिळवा. बाजारातले स्वस्त मापक इतके चुकलेले सर्रास सापडतात, म्हणून ही तपासणी अंडी ठेवण्याआधीच करा.

७. थर्माकोलच्या डब्यात स्वतः यंत्र बनवलंय. तापमान ३६ आणि ३९ च्या मध्ये झोके घेतं. का?

बहुतेकांकडे डब्ल्यू-१२०९ हा लहान कंट्रोलर असतो. त्यात हीटर बंद झाल्यावर पुन्हा किती अंश उतरल्यावर चालू व्हायचं हे पी-१ या सेटिंगमध्ये ठरतं आणि कारखान्यातून ते २ अंशांवर येतं. ते ०.२ करा. पी-० मध्ये ‘एच’ हवं, ‘सी’ असेल तर तो उलट वागतो आणि गरम झाल्यावर बल्ब लावतो. तरीही झोके आले तर बल्ब गरजेपेक्षा मोठा आहे: ५० अंड्यांच्या डब्याला एक १०० वॉटऐवजी दोन ४० वॉट घाला. एक उडाला तरी दुसरा रात्र काढतो. सेन्सर बल्बच्या उजेडात नको, अंड्यांच्या पातळीला, आडोशाला हवा. कंट्रोलर १२ व्होल्टवर चालतो, पण बल्बची वायर २३० व्होल्टची असते. तिचे सांधे पाण्याच्या ताटलीच्या वर येऊ देऊ नका.

८. आर्द्रता किती? कोकणात पावसाळ्यात आणि विदर्भात मे महिन्यात एकच आकडा चालेल का?

आकडा एकच: पहिले १४ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटी ६५ ते ७०. ओल्या बल्बचा थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्याच्या टोकाला ओली वात बांधलेली असते, हे साधारण २९ आणि ३२ अंश. पण तिथवर पोहोचायची वाट मात्र जागेप्रमाणे बदलते. रत्नागिरीत जुलैत ताटलीत पाणी घालायचंच नाही, तरी कधी आर्द्रता वर जाते. मग हवेची भोकं पूर्ण उघडी ठेवा. नागपुरात मे महिन्यात दोन ताटल्या आणि एक ओला स्पंज लागतो. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नसते, उघड्या पृष्ठभागावर असते. ताटली खोल केली तर फक्त पाणी जास्त दिवस पुरतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग मात्र तराजू. २० अंडी एकत्र तोला. समजा २२० ग्रॅम भरली. सातव्या दिवशी ती २०९ च्या आसपास आणि चौदाव्या दिवशी १९८ च्या आसपास हवीत, म्हणजे दहा टक्के घट. वजन कमी घटतंय तर आत दमटपणा जास्त, फार घटतंय तर कोरडेपणा. लाव्याचं एक अंडं दहा-बारा ग्रॅमचं, एकेकटं तोलण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा २० अंड्यांना पुरतो.

९. दिवसातून किती वेळा फिरवायची?

हाताने तीन किंवा पाच वेळा. विषम संख्या अशासाठी, की रात्रीचा लांबलचक वेळ रोज त्याच कुशीवर जात नाही. आडव्या अंड्याला एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल करा, पेन्सिलीने, डागांच्या मधल्या फिकट जागेवर. आपोआप फिरवणारा ट्रे असेल तर लाव्यांसाठीचे लहान खण वापरा. कोंबडीच्या खणात ही अंडी घरंगळत राहतात आणि नुसती डुलतात, नीट कलत नाहीत. १४ दिवसांनी बंद.

१०. टॉर्च लावून आतलं काही दिसत नाही. अंडं भरलंय का, म्हणजे आत गर्भ आहे का, हे कसं कळणार?

कवचावरच्या डागांमुळे हे अवघडच असतं. अंधाऱ्या खोलीत, काळ्या पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडून, मागून तेजदार एलईडी टॉर्च धरा आणि बोथट बाजूने पाहा. सातव्या दिवशी भरलेलं अंडं गडद दिसतं, हवेची पोकळी तेवढी उजळ. रिकामं सगळं पिवळट उजळतं. शंका असेल तर काढू नका, चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा. दुर्गंधी येणारं किंवा पाझरणारं मात्र लगेच काढा, फुटलं तर शेजारची सगळी खराब होतील.

एक मजेची गोष्ट कामाची आहे: प्रत्येक मादीचे डाग तिच्या सहीसारखे असतात, रोज जवळपास तसेच. रिकामी निघालेली अंडी एकाच नक्षीची असतील तर दोष त्या मादीच्या खणात शोधा.

११. वीज गेली तर?

झाकण उघडू नका. यंत्रावर गोधडी टाका, पण हवेची भोकं उघडी ठेवा. दोन-तीन तासांनी सहसा काही बिघडत नाही. जास्त वेळ जाणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून आत कडेला ठेवा, अंड्यांना चिकटवू नका. वीज आल्यावर तापमान वाढवून भरपाई करू नका, उबवणी लांबू द्या. पहिल्या आठवड्यातल्या गर्भापेक्षा शेवटच्या आठवड्यातला गर्भ स्वतःची ऊब जास्त धरतो. मात्र त्याला हवाही जास्त लागते, म्हणून शेवटी भोकं बंद करणं सगळ्यात वाईट.

१२. मे महिन्यात खोलीच ४१-४२ अंशांवर जाते. यंत्र कसं चालवायचं?

साध्या यंत्राला फक्त गरम करता येतं, गार करता येत नाही. खोली ३७.७ च्या वर गेली की ते हतबल. तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली पाहा, कूलर लावा (आर्द्रता वाढेल, ताटली काढा), नाहीतर दीड महिना थांबा. थांबणं हा कमीपणा नाही. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे सोडून उबवणाऱ्यांचे निकाल चांगले येतात.

१३. शेवटचे तीन दिवस काय करायचं?

अंडी ट्रेमधून काढून खाली खरखरीत जाळीवर किंवा पन्हळी पुठ्ठ्यावर आडवी ठेवा, एकमेकांना लागून. आर्द्रता ६५-७० वर न्या, झाकण बंद. लागून ठेवण्याला कारण आहे: कवचातली पिल्लं टिक-टिक आवाज करतात, तो शेजारच्यांना जाणवतो आणि सगळी पिल्लं थोड्या तासांच्या अंतराने बाहेर येतात. पाण्याच्या उघड्या ताटलीवर जाळी घाला. ओलं पिल्लू त्यात पडलं तर उठत नाही.

१४. कवच टोचून दहा-बारा तास झाले, पुढे काही नाही. सोडवू का?

बहुतेक वेळा नाही. टोचल्यावर पिल्लू थांबतं तेव्हा ते उरलेला बलक आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त अंगात ओढून घेत असतं. तेव्हा सोलायला गेलात तर रक्त येतं. झाकण उघडलं की आर्द्रता क्षणात खाली येते आणि शेजारच्या टोचलेल्या अंड्यांची आतली पापुद्री चामड्यासारखी वाळते. एकाला वाचवताना चौघांना अडकवलं, असं होतं.

मदत एकाच परिस्थितीत: बाकी सगळी निघून १२ तास झालेत, या अंड्यात हालचाल आहे, आणि पापुद्री पांढरी, कोरडी, घट्ट दिसतेय. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पापुद्री ओलसर करा, बोथट बाजूचं कवच टोचल्या जागेपासून गोलाईने थोडं उचला, लाल रेघ दिसताच थांबा, पुन्हा आत ठेवा. उरलेलं त्याचं त्याला करू द्या.

१५. पिल्लं यंत्रातून कधी काढायची?

अंग वाळून फुललं की. ७-८ ग्रॅमचं ओलं पिल्लू बाहेर दोन मिनिटांत गारठतं. पोटातल्या बलकावर ते २४ तास काढू शकतं, घाई नको. दिवसातून एकदा किंवा दोनदा, पटकन, सगळी वाळलेली एकदम काढा.

१६. ब्रुडर (पिल्लांना ऊब देणारी पेटी) कसा करायचा? ५० पिल्लांना काय लागेल?

दोन फूट बाय तीन फुटांची, दीड फूट उंच पेटी: पुठ्ठा, प्लायवूड काहीही. ही पहिल्या दहा दिवसांपुरती, मग जागा दुप्पट. भिंतींना फट नको. या पिल्लांना अर्धा इंच म्हणजे दरवाजा. वर बारीक जाळी, कारण दुसऱ्या आठवड्यात ती उडतात, आणि उंदीर-मांजर तर पहिल्या रात्रीपासून टपलेलं असतं. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. लाल मुंग्या चढल्या तर सकाळपर्यंत कशाला काही शिल्लक राहत नाही.

ऊब द्यायला पेटीच्या एका टोकाला दोन ६० वॉटचे तारेचे बल्ब, जमिनीपासून साधारण २५-३० सेंटीमीटरवर, साखळीला टांगलेले. होल्डरच्या वायरवर भार देऊ नका, गळून भुशावर पडला तर आग. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. ही चूक दर आठवड्याला कोणीतरी करतं. तारेचा बल्ब मिळत नसेल तर सिरॅमिक हीटर चालतो, पण मग उजेडासाठी वेगळा दिवा लागतो, कारण पहिल्या आठवड्यात २४ तास उजेड हवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लंच काय, माणसंही जातात.

तापमान पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर मोजा: पहिले तीन दिवस ३६-३७, आठवडाअखेर ३५, दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. पेटीचं दुसरं टोक मुद्दाम गार राहू द्या.

१७. रात्री उठून थर्मामीटर पाहायचा का?

पिल्लं पाहा. बल्बखाली एकमेकांवर चढून किंचाळत असतील तर थंडी, बल्ब पाच सेंटीमीटर खाली घ्या. कडेला पंख पसरून चोच उघडून बसली तर उकाडा, वर घ्या. सगळी एकाच कोपऱ्यात, बल्बपासून तिरकी, तर कुठून तरी वारा येतोय. पेटीभर विखुरलेली, काही झोपलेली, काही दाणे टिपताहेत, तर आकडा काहीही असो, हात लावू नका. उन्हाळ्यात दुपारी खोलीच ३७ वर असते तेव्हा ऊब पूर्ण बंद, फक्त एलईडी. पहाटे चारला मात्र पुन्हा गारवा येतो, प्रश्न ७ मधला कंट्रोलर इथेही जोडता येतो.

१८. पिल्लं पाण्यात बुडून मेली. एवढंसं पाणी होतं!

त्यांना अर्धा सेंटीमीटर पाणी पुरतं बुडायला. बरणीच्या झाकणात गोट्या किंवा स्वच्छ खडे दाटीने भरा आणि मधल्या फटींतलं पाणी त्यांना पिऊ द्या. हे पहिले दहा दिवस. पाणी कोमट द्या, बल्बपासून थोडं दूर ठेवा. पहिल्या दिवशी प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात टेकवा, निदान पाच-सहा जणांची; बाकीची बघून शिकतात.

१९. खायला काय? तांदळाची कणी चालेल?

एकटी कणी नाही. वाढत्या लाव्याला २४ ते २७ टक्के प्रथिनं लागतात, कणीत ७-८ असतात. ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य) घ्या आणि मिक्सरमध्ये रव्यासारखं फिरवा: पीठ नको, चोचीला चिकटतं. पहिले दोन दिवस कागदावर पसरून द्या, मग उथळ ताटलीत. टपटप आवाज करत बोटाने दाणे टोचून दाखवा, धावत येतात.

२०. काही पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकलेत. आजार आहे का?

बहुधा जमीन गुळगुळीत आहे. वर्तमानपत्र, प्लास्टिक यांवर पाय घसरतात आणि सांधे तसेच राहतात. पहिला आठवडा गोणपाट किंवा पन्हळी पुठ्ठा घाला, नंतर तूस. फाकलेले पाय लोकरीच्या धाग्याने आठच्या आकड्यात, नैसर्गिक अंतर ठेवून, सैलसर बांधा. पहिल्या दोन दिवसांत केलं तर तीन दिवसांत सुधारतात, आठवड्याने केलं तर सहसा नाही.

२१. शेपटीखाली विष्ठा चिकटून घट्ट झालीय.

कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून पुसा, ओढू नका, पिसांबरोबर कातडी येते. वाळवूनच परत सोडा. एक-दोघांना झालं तर तेवढंच. निम्म्यांना झालं तर ऊब चुकतेय (प्रश्न १७). पाण्यासारखी हगवण आणि मरतूक दिसली तर पशुवैद्यांकडे ताजी मेलेली पिल्लं घेऊन जा.

२२. पहिले दोन दिवस छान, तिसऱ्या-चौथ्या दिवशी धडाधड मरतात. का?

बलकाची शिदोरी तेव्हा संपते. ज्यांनी अजून खायला-प्यायला सुरुवात केली नाही, ती या दिवशी जातात. मेलेलं पिल्लू हातात घ्या: हलकं, छातीचं हाड टोचणारं, पोट रिकामं, तर उपासमार. खाद्य जाड होतं, दूर होतं किंवा अंधारात होतं. पोट फुगलेलं, बेंबी ओली आणि काळपट, तर जंतुसंसर्ग, आणि मूळ यंत्राच्या अस्वच्छतेत. सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली दहा-बारा एकदम, तर रात्री गारठून एकमेकांवर चढली.

२३. अंडी भरलेली होती, तरी निम्मी निघालीच नाहीत. चूक कुठे झाली?

विसाव्या दिवशी ती फोडून पाहा, बाहेर, नाकाला रुमाल लावून. रक्ताचं कडं असेल तर गर्भ पहिल्या चार दिवसांत गेला: जुनी अंडी किंवा तापमानाचा झटका. पूर्ण वाढलेलं, चिकट, पाण्याने थबथबलेलं, तर आर्द्रता जास्त. पूर्ण वाढलेलं, पापुद्री वाळून चिकटलेली, तर शेवटी कोरडं पडलं किंवा झाकण वारंवार उघडलं. डोकं टोकदार बाजूला, तर अंडं उलटं ठेवलं होतं. घरगुती यंत्रात शंभरात ६०-७० निघाली तर चांगलंच समजा.

२४. खुडूक कोंबडीखाली ठेवू का? किंवा कोंबडीच्या अंड्यांसोबत यंत्रात?

लहान चणीची देशी कोंबडी उबवते, पण तिच्या वजनाखाली काही फुटतात आणि पिल्लं पायाखाली येतात. यंत्रात एकत्र ठेवायचीच असतील तर कोंबडीची अंडी आधी, लाव्यांची चार दिवसांनी, म्हणजे २१ आणि १७ एकाच दिवशी भरतात. निघाल्यावर मात्र पेट्या वेगळ्या. कोंबडीचं पिल्लू लाव्याच्या पिल्लाच्या पाच-सहा पट जड असतं, आणि कोंबड्यांचे आजार लाव्यांना लागतात.

२५. ऊब कधी बंद करायची?

अंगावर पिसं पुरी आली आणि रात्री बल्बखाली गोळा होणं थांबलं की. साधारण तीन ते चार आठवडे, डिसेंबरात नाशिकला पाच. आधी दुपारी बंद, मग संध्याकाळपर्यंत, शेवटी रात्री. याच सुमारास मूळ रंगाच्या जातीत नराची छाती एकसारखी तांबूस होते आणि मादीच्या छातीवर काळे ठिपके उठतात. नर वेगळे काढायचे असतील तर तेव्हा काढा. पांढऱ्या जातीत मात्र सहा आठवडे थांबावं लागतं: नराच्या गुदद्वाराशी हलकं दाबलं की पांढरा फेस येतो.